आईसाठी कोणत्या पातळीची निवासी देखभाल निवडावी?

प्रश्न : माझ्या ८१ वर्षांच्या आईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. ती स्वतः जेवते, चालते. मात्र औषधे विसरते आणि अंघोळीला मदत लागते. तिला नर्सिंग होममध्ये ठेवावे का?

उत्तर : देखभालीची पातळी आजाराच्या नावावरून नव्हे, तर रोजच्या कोणत्या कामांत आणि कोणत्या वेळी मदत लागते यावरून ठरवावी. अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, रोजच्या कामांतले स्वावलंबन मोजणाऱ्या मोजपट्टीत अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंग-खुर्चीवरून उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे अशी सहा कामे आहेत. त्यांपैकी अंघोळीतले स्वावलंबन बहुधा सर्वांत आधी आणि जेवणातले सर्वांत शेवटी जाते. आपल्या वर्णनावरून, वेळेवर औषधे देणारा आणि अंघोळीला मदतनीस पुरवणारा सहाय्यित निवास (असिस्टेड लिव्हिंग) सध्या पुरेसा वाटतो. नर्सिंग होमची गरज नळीवाटे अन्न देणे, खोल जखमांची मलमपट्टी किंवा चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका लागते तेव्हा भासते.

रात्रीची चौकशी मात्र अवश्य करावी (ती सहसा राहूनच जाते). आई रात्री उठून बाहेर पडू लागली, तर शरीर धडधाकट असूनही स्मृतिभ्रंशासाठीचा सुरक्षित विभाग लागेल. म्हणून रात्रपाळीला किती कर्मचारी असतात आणि प्रकृती कोणत्या टप्प्याला पोहोचल्यावर संस्था जागा सोडायला सांगते, हे करारापूर्वी लेखी घ्यावे. शक्य असल्यास आधी अल्पमुदतीचा मुक्काम करून पाहावा आणि त्याविषयी आईचे मत विचारावे.