गॅरंटी पाच वर्षांची, तक्रारीची मुदत दोनच

सांगलीच्या गावभागातील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र समोर आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा त्यांचा तळमजला छातीएवढ्या पाण्यात होता. 2021 च्या जुलैत पुन्हा घर सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी स्वयंपाकघर आणि झोपण्याची खोली वरच्या मजल्यावर हलवली, विजेचे बोर्ड उंचावर घेतले आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतले. कंत्राटदाराला एकूण 4,20,000 रुपये दिले, त्यांपैकी 3,00,000 बँकेतून आणि उरलेले रोख. काम मे 2023 मध्ये संपले आणि 19 जुलै 2023 च्या रात्री झोपण्याच्या खोलीत स्लॅब गळू लागला. कंत्राटदाराने नोव्हेंबरात येऊन केमिकलचा एक हात मारला, जून 2024 मध्ये पुन्हा गळती झाली, मग ‘दिवाळीनंतर बघू’, ‘उन्हाळ्यात करून देतो’ असे निरोप येत राहिले. यंदा, 2025 मध्ये, पाऊस मेच्या अखेरीसच येऊन थडकला आणि आता जून अर्धा संपत आला असताना ते विचारतात की, वकिलाची नोटीस पाठवावी का, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गवंड्याकडून गच्चीचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा सिमेंटचा थर, फोडून घेतला तर चालेल का.

अशा आशयाची पत्रे मिरज, कराड, वाई येथूनही नेहमी येतात, आणि प्रत्येकात एक वाक्य जवळपास सारखेच असते: ‘गॅरंटी पाच वर्षांची लिहून दिली आहे, म्हणून घाई केली नाही.’ काम निकृष्ट झाले, पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिली, आपण ग्राहक आहात, हे सांगण्यात मी जागा घालवत नाही. आपले प्रकरण जिंकायचे की हरायचे हे या एका वाक्यातील गैरसमजावर ठरणार आहे.

गॅरंटीची पाच वर्षे आणि तक्रार दाखल करण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅरंटीचा अर्थ एवढाच की, त्या पाच वर्षांत गळती झाली तर जबाबदारी कंत्राटदाराची. मात्र गळती झाली आणि आपल्याला ती दिसली की ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 69 प्रमाणे वादकारण, म्हणजे तक्रारीचे कारण, घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागते. आपली पहिली गळती 19 जुलै 2023 ची आहे. त्या हिशेबाने 19 जुलै 2025 हा शेवटचा दिवस येतो, आणि तो शनिवार आहे. म्हणून शुक्रवार, 18 जुलै हीच आपली अखेरची तारीख समजा. तीही कागद अपुरे म्हणून तक्रार परत आली तर दुरुस्त करून पुन्हा देण्यापुरती. मूळ तक्रार जूनअखेर दाखल झालेली असावी.

नोव्हेंबर 2023 च्या दुरुस्तीनंतर गळती नव्याने झाली, म्हणून मुदत जून 2024 पासून मोजावी, किंवा गॅरंटी चालू आहे तोवर वादकारणही चालूच आहे, असे युक्तिवाद करता येतात आणि आपल्या वकिलांनी ते तक्रारीत जरूर मांडावेत. पण ते मान्य होतीलच असे मी म्हणणार नाही. मुदतीच्या आत दाखल केलेल्या तक्रारीत असा युक्तिवाद जोडीला असणे आणि मुदत गेल्यावर त्याच युक्तिवादावर सगळी भिस्त ठेवणे यांत फार अंतर आहे. विलंब माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि ‘कंत्राटदार करून देतो म्हणत होता’ हे कारण पुरेसे मानले जाईल असे गृहीत धरू नका. आपण दोन पावसाळे ऐकून घेतलेत ते चांगुलपणाने, हे मला कळते. तरीही सांगतो की, पहिल्या गळतीनंतर आठवडाभरात एक तारीखवार पत्र पाठवून त्याची पोच घेतली असती तर आज माझे निम्मे उत्तर लिहावे लागले नसते.

नोटिशीबद्दल. जिल्हा आयोगाकडे जाण्यापूर्वी नोटीस पाठवणे कायद्याने सक्तीचे नाही, आणि नोटीस पाठवल्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. पाठवायचीच असेल तर 7 दिवसांची पाठवा आणि तक्रारीचा मसुदा त्याच दिवशी लिहायला घ्या. नोटिशीच्या उत्तरात ‘पाऊस उघडला की माणसे पाठवतो’ असे आले तरी हात आखडता घेऊ नका. तडजोड तक्रार दाखल झाल्यावरही होते, आणि आयोग दोन्ही बाजूंच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो.

आता गवंड्याचे. कृपा करून कोबा फोडू नका. आपल्या कोटेशनमध्ये ‘जुना कोबा काढून, पन्हाळीकडे उतार देऊन नवीन कोबा करणे’ असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि आपण पाठवलेल्या छायाचित्रात गच्चीच्या कोपऱ्यात, कठड्याला लागून, जुन्या कोब्याचा काळवंडलेला थर नव्या केमिकलखाली जसाच्या तसा दिसतो. पाणीही पन्हाळीकडे न जाता मधोमध साचलेले आहे. याचा अर्थ, ज्या कामाचे पैसे घेतले ते काम झालेलेच नसावे. हा आपल्या हातातला सर्वांत बळकट पुरावा आहे आणि तो आपणच पुढच्या आठवड्यात घमेल्यात भरून टाकायला निघाला आहात. आधी परवानाधारक अभियंत्याला बोलावून, पाऊस चालू असतानाच, पाहणी करून घ्या. एका ठिकाणी लहानसा चौकोन कापून थर किती आणि कोणते हे मोजून, छायाचित्रांसह, सहीशिक्क्याचा अहवाल घ्या. तक्रारीसोबतच तज्ज्ञामार्फत पाहणी करण्याचा अर्जही द्या. तोवर गच्चीवर जाड ताडपत्री अंथरून घ्या आणि तिची पावती जपून ठेवा, तो खर्चही मागता येतो.

कंत्राटदाराचा बचाव बहुधा ठरलेला असेल: पुरात घर भिजले, काळ्या मातीत पाया हलला, त्यात माझा काय दोष. त्याला उत्तर छतावरच आहे. पुराची ओल भिंतीत खालून वर चढते आणि जोत्यापासून पोपडे धरते. आपले डाग वरच्या मजल्याच्या छताच्या मध्यभागी, पंख्याच्या कडीभोवती आहेत. अभियंत्याने हे वाक्य अहवालात लिहावे असा आग्रह धरा.

कोटेशनवर सही आहे पण तारीख नाही, ही उणीव बँकेच्या नोंदींनी बरीचशी भरून निघेल. रोख दिलेल्या 1,20,000 रुपयांची पावती न घेणे ही मोठी चूक झाली. ‘पैसे मिळाले’ असा एखादा व्हॉट्सॲप संदेश सापडतो का ते शोधा. न सापडल्यास ती रक्कम सिद्ध होईलच असे सांगता येत नाही. कंत्राटदाराचे सगळे संदेश आणि आवाजी निरोप त्याच मोबाइलमध्ये राहू द्या, मोबाइल बदलू नका, आणि मोबाइलमधले संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र वकिलांकडून तयार करून घ्या.

दिलेला मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही, आणि आपण सांगलीत राहता म्हणून कंत्राटदार कुठलाही असला तरी सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार चालेल. दिवाणी न्यायालयात कराराच्या भंगासाठी 3 वर्षांची मुदत आहे, हा दिलासा खरा. पण तिथे कोर्ट फी आहे आणि तारखांना अंत नाही, म्हणून तो मार्ग पर्याय म्हणून मनात ठेवून जून घालवू नका.

आयोगातही लगेच निकाल मिळेल असे आश्वासन मी देत नाही. विरुद्ध बाजूला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून 3 महिन्यांत, आणि तपासणी लागणार असेल तर 5 महिन्यांत, निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. माझ्या पाहण्यात हे क्वचितच घडते, आणि गळक्या छताखाली झोपणाऱ्या माणसाला हे सांगताना मला संकोच वाटतो. मात्र एक गोष्ट आपल्या हातात आहे. कंत्राटदाराला लेखी म्हणणे देण्यास 30 दिवस आणि वाढवून फार तर आणखी 15 दिवस मिळतात; त्यापुढे मुदत देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी ठरवून दिले आहे. त्याला आयोगाची नोटीस कोणत्या दिवशी मिळाली ती तारीख लिहून ठेवा आणि 46 व्या दिवशी आपल्या वकिलांना त्याची आठवण करून द्या.

गच्चीवर पत्र्याची शेड उभारून ही गळती कायमची बंद करावी असेही आपण शेवटी लिहिले आहे. आपले घर पूररेषेच्या निळ्या रेषेच्या आत (नदीलगतचा, बांधकामाला मनाई असलेला पट्टा) येते की निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये (निर्बंध असलेला पट्टा), हे पाहिल्याशिवाय आणि महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. शिवाय शेडखाली गच्ची झाकली गेली की पाहणीला आलेल्या तज्ज्ञाला साचलेले पाणी दिसणार नाही. आयोगाची पाहणी होईपर्यंत ताडपत्रीवरच भागवा.