.315 रायफल .30-06 मध्ये बदलून घ्यावी का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरासाठी (सुपारीच्या बागेसाठी) आजोबांपासून आलेली .315 बदलून .30-06 करावी का (हे आकडे म्हणजे काडतुसांची मापं), असं तुम्ही विचारलंय. करू नका, असं मी ठामपणे सांगेन.

नुसती नळी बदलून हे काम होत नाही. .315 च्या काडतुसाला बुडाशी कडा असते, .30-06 ला तशी बाहेर आलेली कडा नसते. म्हणजे बोल्टचं (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंड, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा), मॅगझिन (काडतुसांची पेटी) सगळंच बदलावं लागतं. त्यात .30-06 लांब आहे आणि तिचा दाब बराच जास्त. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .315 जुन्या ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलच्या धर्तीच्या बोल्टवर बांधलेली. तो दाब पेलला नाही तर धोका गालाशी रायफल धरणाऱ्यालाच.

शिवाय शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय असा बदल करणं हाच गुन्हा आहे. कुणी गावठी कारागीर 'करून देतो' म्हणाला तरी त्याच्या हाती देऊ नका. तुमच्या परवान्यावरही बोअर (नळीचं माप) नोंदलेला असतोच.

.30-06 हवीच असेल तर पणजीला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारा, परवानाधारक विक्रेत्यामार्फत जुनी विका आणि तयार रायफल घ्या. रानडुकरासाठी मात्र .315 पुरेशी आहे. अर्थात गोळी झाडायला वन्यजीव कायद्याखालची परवानगी लागतेच, ती आधी मिळवा.