तत्त्वज्ञानाची पदवी आणि साडेपाच लाखांची ठेव

प्रश्न : आम्ही सोलापुरात विजापूर रोडला राहतो. यजमान टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस असून त्यांना दरमहा 32 हजार रुपये पगार आहे. मी घरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरवते, त्यातून सरासरी 14 हजार सुटतात. घरकर्जाचा 8,500 रुपयांचा हप्ता (अजून चार वर्षे) आणि घरखर्च जाऊन महिन्याला 9 हजार शिल्लक राहतात. बँकेत साडेपाच लाखांची मुदत ठेव, 2015 मध्ये उघडलेल्या मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात 3 लाख 10 हजार आणि घरात आठ तोळे सोने आहे. मुलगी कला शाखेतून 84 टक्क्यांनी बारावी झाली. तिला पुण्यात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करायचे आहे. अनुदानित महाविद्यालयाची फी वर्षाला 15 हजार, वसतिगृह व मेस सव्वा लाख आणि किरकोळ खर्च 20 हजार. धाकटे दीर म्हणतात, स्वस्त शिक्षणाला नोकरीच्या बाजारात किंमत नसते, त्यापेक्षा कर्ज काढून खासगी विद्यापीठात बीबीए करू द्या. तिथली फी वर्षाला तीन लाख आहे. ठेव मोडावी की कर्ज काढावे?

उत्तर : ताई, आपण दिलेल्या आकड्यांत एक गोष्ट लगेच नजरेत भरते. मुलीच्या वर्षाच्या 1 लाख 60 हजारांच्या खर्चात शिक्षणाचा वाटा अवघा 15 हजारांचा आहे. बाकीचे सगळे पुण्यात राहण्या-जेवण्याचे आहेत आणि ते बीबीएलाही चुकणार नाहीत. म्हणजे घरात वाद तत्त्वज्ञानावर चालला असला, तरी पैसे खरोखर जाणार आहेत ते एका बाजूला पुण्यावर आणि दुसऱ्या बाजूला खासगी विद्यापीठाच्या फीवर.

आधी कर्जाचे पाहू. दर वर्षाच्या आरंभी तीन लाख याप्रमाणे नऊ लाख उचलले, व्याजदर साडेदहा टक्के धरला आणि अभ्यासक्रमाची तीन वर्षे व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरला नाही, तर परतफेड सुरू होण्याच्या दिवशी साध्या व्याजानेच कर्ज पावणेबारा लाखांच्या पुढे गेलेले असेल. दहा वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता सुमारे 16 हजार रुपये बसेल, म्हणजे एकंदर भरणा 19 लाखांच्या वर जाईल. शिवाय बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण लागते आणि आपले घर आधीच कर्जात आहे. 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्ज मिळते, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला व्याजात तीन टक्के सवलतही आहे; पण ती सरकारने ठरवलेल्या यादीतील संस्थांपुरतीच आहे, तेव्हा ते विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे भावोजींनी प्रवेश समुपदेशकाला न विचारता थेट योजनेच्या पोर्टलवर पाहावे.

भावोजींचा युक्तिवादही जरा तपासू. महागड्या शिक्षणाने नोकरी मिळते, हे क्षणभर मान्य केले, तरी स्वस्त शिक्षणाने ती मिळत नाही, असे त्यातून निष्पन्न होत नाही. मुलीने बारावीला तर्कशास्त्र घेतले असेल, तर ती हा दोष नावानिशी सांगेल. मात्र त्या युक्तिवादामागची काळजी खोटी नाही. केवळ तत्त्वज्ञानाच्या बी.ए.वर मिळणारी पहिली नोकरी बहुधा बेताच्या पगाराची असेल आणि त्या नोकरीत तत्त्वज्ञानाचा थेट उपयोगही क्वचितच होईल. म्हणून या पदवीचा हिशेब तीन वर्षांचा न मांडता सहा वर्षांचा मांडावा: तीन वर्षे तत्त्वज्ञान आणि त्यानंतर उपजीविका देणारे दुसरे शिक्षण. दुसऱ्या टप्प्यासाठी पैसे उरणार असतील, तर पहिला टप्पा मुलीच्या आवडीने घ्यायला माझी हरकत नाही. ते उरणार नसतील, तर फी कितीही कमी असली तरी मी नको म्हणेन.

ते उरतात का? खर्च दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर तीन वर्षांना सुमारे 5 लाख 20 हजार लागतील. महिन्याच्या 9 हजारांच्या शिलकीतून त्यांपैकी 3 लाख 24 हजार निघतात, उरलेले दोन लाख ठेवीतून काढावे लागतील. आपला महिन्याचा खर्च हप्त्यासह 37 हजार आहे, त्यामुळे सहा महिन्यांचे 2 लाख 20 हजार हे अडीअडचणीचे पैसे समजून त्यांना हात लावायचा नाही. तरीही ठेवीत 1 लाख 30 हजार राहतात.

सुकन्या खाते मात्र आता मोडू नका. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, मागील आर्थिक वर्षाच्या अखेरीस असलेल्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम उच्च शिक्षणासाठी काढता येते, पण ती संस्थेने मागितलेल्या प्रत्यक्ष शुल्काहून जास्त काढता येत नाही. पंधरा हजारांच्या फीसाठी या खात्याला हात लावण्यात काही अर्थ नाही. जानेवारी 2024 पासून त्यावर 8.2 टक्के करमुक्त व्याज लागू झाले, आपल्या मुदत ठेवीवर एवढे मिळत असण्याची शक्यता कमी. आपण दरमहा दीड हजार भरत राहिलात, तर तीन वर्षांनी शिल्लक साडेचार लाखांच्या आसपास जाईल आणि तिच्यातले सव्वादोन लाख दुसऱ्या टप्प्याच्या फीला उपलब्ध होतील. ठेवीतील उरलेले धरून साडेतीन लाख होतात.

दुसरा टप्पा कोणता, याचा निर्णय आज करण्याची गरज नाही, पण मला कायद्याची वाट सर्वांत जमणारी वाटते. कोणत्याही पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचे एलएल.बी. करता येते, खुल्या प्रवर्गाला पदवीत 45 टक्के पुरतात, आणि ते सोलापुरातल्या दयानंद विधी महाविद्यालयात घरी राहून होऊ शकते, म्हणजे वसतिगृहाचा सव्वा लाख वाचतो. युक्तिवाद तपासण्याची तिची तीन वर्षांची सवय तिथे थेट कामी येते. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना राज्यात जी पूर्ण शुल्कमाफी मिळते, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. त्यामुळे बी.ए.ला तिचा उपयोग नाही, पुढे कायद्याला मात्र होऊ शकतो. आपला प्रवर्ग आपण लिहिलेला नाही.

प्राध्यापकीवर भिस्त ठेवू नये. गुरुदेव रा. द. रानडे फर्ग्युसनमध्ये आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत असत, आणि आपल्याकडून विजापूरला जाणाऱ्या गाडीतून त्यांचा आश्रम असलेले निंबाळ स्टेशन आले की आजही लोक हात जोडतात; पण तो काळ वेगळा होता. आज सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होते आणि त्या जागेची वाट पाहत तासिका तत्त्वावर वर्षे घालवणारे, नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले पुष्कळ आहेत. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली (2023 पासून दरमहा 37 हजार), तर संशोधन जरूर करावे. घरच्या पैशांवर करू नये. याच कारणाने नव्या शैक्षणिक धोरणातले चौथे, ऑनर्सचे वर्ष आता हिशेबात धरू नका, त्याचे दोन लाख वेगळे लागतील.

स्पर्धा परीक्षेचा विषय घरात निघेलच. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो, त्याच्या दोन प्रश्नपत्रिका 500 गुणांच्या असतात आणि 2013 पासून नीतिशास्त्राची 250 गुणांची प्रश्नपत्रिका सर्वांनाच आहे. फायदा खरा आहे. तरीही पदवीनंतर सदाशिव पेठेत खोली, अभ्यासिका आणि क्लास यांवर मुदत न ठरवता पैसे पाठवत राहण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. सोलापुरातल्या कित्येक घरांची ठेव अशीच, दर महिन्याला थोडी थोडी, संपली आहे. प्रयत्न दोनच, आणि तेही एलएल.बी.ला प्रवेश घेऊन, असे मुलीशी आताच बोलून ठेवा.

आपल्या पत्रात विम्याचा उल्लेख नाही. हा सारा हिशेब यजमानांच्या पगारावर उभा आहे, म्हणून त्यांचा मुदत विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा प्रवेशाच्या आधी घ्यावा. त्यासाठी शिलकीतून महिन्याला दोन-अडीच हजार गेले, तर दुसऱ्या टप्प्याची रक्कम साडेतीनवरून साधारण अडीच लाखांवर येईल. घरी राहून कायदा शिकायला तेवढी पुरावी आणि चार वर्षांनी घरकर्जाचा हप्ताही मोकळा होईल. सोने तसेच राहू द्या.

ठेव एकाच पावतीची असेल, तर या नूतनीकरणाच्या वेळी तिचे भाग करून घ्या: 2 लाख 20 हजारांची एक पावती अडीअडचणीची, मिळून दोन लाखांच्या तीन लहान पावत्या दर जूनमध्ये एकेकीची मुदत संपेल अशा, आणि उरलेल्याची एक. मुदतीआधी मोडल्यास बँक व्याज कापते, म्हणून वसतिगृहाचा प्रवेश निश्चित झाल्याची पावती हातात पडेपर्यंत यांतली एकही मोडू नका.