वाचकांचे प्रश्न : आजी सैन्यात होती, तिचं नाव कुठे शोधायचं?

प्रश्न : आमची आजी दुसऱ्या महायुद्धात ‘विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया)’मध्ये होती. तिच्या ट्रंकेत खाकी गणवेश, दोन पदकं आणि मैत्रिणींबरोबरचा एक ग्रूप फोटो निघाला. पदकं काळवंडली आहेत, ती घासून फ्रेम करायचा विचार आहे. तिच्या नावाने खूप शोधलं, पण कुठेच नोंद सापडत नाही.

उत्तर : पदकं कृपा करून घासू नका. त्या युद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना कोरी मिळाली. भारतीय दलांतल्यांच्या पदकांवर मात्र नंबर आणि नाव उमटवलेलं असे. गोल पदक असेल तर त्याच्या कडेवर, बर्मा स्टारसारखा तारा असेल तर मागच्या सपाट बाजूला. पॉलिशमधली पूड नेमकी ही अक्षरं झिजवते. टॉर्च आडवा धरून भिंगातून वाचा, फोटो काढा. फ्रेममध्ये ही बाजू झाकली जाते, म्हणून हे आधी.

नोंद न सापडण्याचं कारण बहुधा नावातच आहे. हे दल १९४२ साली उभं राहिलं. लग्नाआधी भरती झालेल्या मुली माहेरच्या नावाने भरती झाल्या. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदलायचं. सासरच्या नावाने शोधलं तर ती बाई सैन्यात नव्हतीच असं वाटतं. जन्मनाव, वडिलांचं नाव आणि पदकावरचा नंबर घेऊन पुन्हा शोधा. इंग्रजी स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी करून पाहा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) यादीत नाव नाही म्हणून निराश होऊ नका. दुसऱ्या महायुद्धापुरतं बोलायचं तर तिथे ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात मृत्यू पावलेल्यांच्याच नोंदी आहेत. घरी परतून पुढे जगलेल्या बाईचं नाव तिथे असणार नाही.

गणवेश ड्रायक्लीनला देऊ नका, डांबराच्या गोळ्याही नकोत. गंजलेल्या टाचण्या काढा. पितळी बटणांवर हिरवा थर असेल तर बटण आणि कापड यांमध्ये आम्लमुक्त कागद घाला, नाहीतर डाग कापडात उतरतो. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा, घड्यांत कागदाच्या वळ्या भरा आणि सहा महिन्यांनी घडी बदला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं कापड तिथेच फाटतं.

फोटो लॅमिनेट करू नका. ६०० डीपीआयला स्कॅन करा. मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, डावीकडून उजवीकडे नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. आजीच्या वयाचं कुणी हयात असेल तर याच आठवड्यात फोटो दाखवा. जिचं नाव कळणार नाही तिच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, पण जागा गाळू नका. नाहीतर पुढे कुणाला एखादं नाव आठवलं तरी ते कोणत्या चेहऱ्याचं, हे लागणार नाही.