अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनच्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ या अल्बमचं एवढं कौतुक का होतं? मला तर सगळी गाणी सारखीच वाटली.

आधी मला सांगा, शफल (गाणी कुठल्याही क्रमाने वाजवणारी सोय) चालू होतं का? माझं होतं. डॅलसला नोकरीला असताना ऑफिसातल्या एकाने हा अल्बम सुचवला. मी तो भांडी घासताना फोनवर लावला आणि माझंही मत अगदी तुमच्यासारखंच झालं. एक गिटार आणि नाकातून गाणारा एक माणूस, त्यात काय एवढं! पुढे ऑस्टिनला जाताना तीन तासांच्या रस्त्यात तो पहिल्यापासून क्रमाने ऐकला. जेमतेम ३३ मिनिटांचा तर आहे. संपल्यावर लगेच पुन्हा लावला.

ही एक सलग गोष्ट आहे, हे माहीत नसेल तर काहीच हाती लागत नाही. काळ १९०१ चा. एका पाद्र्याची बायको त्याला सोडून आपल्या जुन्या प्रियकराकडे जाते. हा वेडापिसा होऊन त्यांना शोधत निघतो, मोंटानातल्या ब्लू रॉक गावच्या गुत्त्यात दोघं सापडतात आणि तो त्यांना ठार मारतो. मग काळ्या घोड्यावर स्वार होऊन, मागे तिचा रिकामा घोडा घेऊन, गावोगाव भटकत राहतो.

आता क्रम बघा. हा खून झाल्याबरोबर पुढचं गाणं येतं ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’. हे विलीने लिहिलेलं नाही. फ्रेड रोजचं हे गाणं रॉय अकफने १९४० च्या दशकातच म्हटलं होतं. एरवी ते साधं ताटातुटीचं गाणं आहे: पावसात निरोप घेतला, आता वर गेल्यावरच भेट. पण इथे ते कोण म्हणतंय? जिला स्वतःच्या हाताने मारलं, तिच्यासाठी रडणारा माणूस! गाण्यातला एक शब्द न बदलता नुसत्या जागेमुळे त्याचा अर्थ पालटतो. गंमत म्हणजे हेच गाणं रेडिओवर एकटं वाजलं आणि गायक म्हणून विलीचं कंट्रीच्या (अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या) लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं ते पहिलं गाणं ठरलं. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. ते ऐकणाऱ्या कितीजणांना त्यामागचा खून माहीत असेल, कोण जाणे.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र ‘डेन्व्हर’ आहे, दीड मिनिटाच्याही आतलं गाणं. ब्लू रॉकच्या प्रसंगातल्याच ओळी इथे परत येतात. तसाच आडबाजूचा गुत्ता, तो दारातून आत येतो, कुणीतरी हसतं. तिथे ती दोघं ओठांवर हसू घेऊन मेली होती. इथे तो आणि एक नवी बाई ओठांवर हसू घेऊन नाचतात. बदल एका क्रियापदाचा. त्यानंतर शब्दच थांबतात आणि नुसती वाद्यं वाजतात, म्हणजे प्रत्यक्ष तो नाचच आपल्याला ऐकू येतो. एलपीवर ‘डेन्व्हर’च्या आधी तबकडी उलटावी लागते, मला तर ती उलटणंसुद्धा कथेचाच भाग वाटतं.

आपल्याकडे गीतरामायण आहेच, पण तिथे पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला पाठ असतं. इथे काहीच माहीत नसतं आणि विली सांगतही नाही. मधली वर्षं कशी गेली, नवी बाई कोण, तिला याचं पाप ठाऊक आहे का, सगळं मोकळं सोडलंय. पाद्र्याची ती सुरुवातीची चाल पालुपदासारखी परत येते, तेवढाच धागा.

वाद्यंही म्हणूनच कमी आहेत. १९७५ च्या जानेवारीत डॅलसशेजारच्या गार्लंडमध्ये हे ध्वनिमुद्रण झालं. विलीची नायलॉनच्या तारांची गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफाएलची माउथ ऑर्गन, आणखी थोडी साथ. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना हा डेमोच, म्हणजे कच्चा नमुनाच, वाटला होता. पण करारात अंतिम शब्द विलीचा होता, म्हणून बाजारात आला तो असाच.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. शीर्षकगीतात एक बाई त्या रिकाम्या घोड्याला हात लावते आणि हा तिला तिथल्या तिथे गोळी घालतो. घोडा चोरणाऱ्या बाईला मारलं म्हणून फाशी होत नाही, असं म्हणून गाणं पुढे जातं. ते गाणं मुळात दुसऱ्यांचं, पन्नासच्या दशकातलं. विली ते आपल्या पोरांना झोपवताना म्हणायचा म्हणे! त्या बाईसाठी अख्ख्या अल्बममध्ये कुणी रडत नाही. पाद्र्याला शेवटी घर मिळतं, माया मिळते, आणि मला दर वेळी ती आठवते.

तर शफल बंद करा, रात्री हेडफोन लावून ऐका, आणि ‘डेन्व्हर’ला ती ओळ सापडली की इथे कळवा.