परिस्थिती पार बदलली तर न्यायालयाला करारात फेरफार करता यावा का?

फ्रान्स आणि जर्मनीतील न्यायालयांना हा अधिकार आहे, मग इतरांनी तो कायद्यात का आणू नये, असे आपण विचारले आहे. नेमक्या याच मुद्द्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी माझा जुना वाद आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

फ्रान्सने ही तरतूद सहजासहजी केलेली नाही. सोळाव्या शतकात ठरलेला क्रापोन कालव्याच्या पाण्याचा दर वाढवून द्यायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये नकार दिला आणि दिवाणी संहितेत कलम ११९५ यायला २०१६ उजाडले. जर्मनीत १९२० च्या दशकातील महागाईने न्यायालयांना हात घालायला भाग पाडले. संहितेत कलम ३१३ मात्र २००२ मध्ये आले. इंग्लंड अजूनही मानायला तयार नाही. १९५६ च्या डेव्हिस कॉन्ट्रॅक्टर्स खटल्यात आठ महिन्यांत बांधायच्या ७८ घरांना बावीस महिने लागले, तरी कंत्राटदाराला जादा पैसे मिळाले नाहीत. पार पाडणे अशक्य झालेला करार रद्द ठरवणाऱ्या, भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ चा अर्थही साधारण याच वळणाने लावला गेला आहे.

आता माझा अनुभव. मी तेव्हा एका उत्पादक कंपनीत करारांचे मसुदे पाहत असे. एका फ्रेंच खरेदीदाराशी अनेक वर्षांचा, ठरलेल्या किमतीचा पुरवठा करार व्हायचा होता आणि त्याला फ्रेंच कायदा लागू होणार होता. आम्ही पुरवणार असलेल्या सुट्या भागाच्या खर्चात धातूचा वाटा मोठा असल्याने कलम ११९५ आपल्या पाठीशी आहे, याचे मला समाधान होते. समोरून आलेल्या मसुद्यात अगदी शेवटी, नोटिसांचे पत्ते आणि भाषेची अट यांच्यामध्ये, एक ओळ होती: बदललेल्या परिस्थितीची जोखीम दोन्ही पक्षांनी स्वीकारली असून कलम ११९५ लागू होणार नाही. ती वगळण्याची मी विनंती केली, तेव्हा ही ओळ आमच्या सगळ्याच करारांत असते, एवढेच उत्तर मिळाले. मग धातूच्या निर्देशांकाशी किंमत जोडून ठरावीक मर्यादेपलीकडे वाटाघाटी बंधनकारक करू, असे मी सुचवले. ज्येष्ठांनी ते उडवून लावले. “किंमत आपण ठरवली आहे, उद्या न्यायाधीशाने ठरवायला नको,” असे म्हणून त्यांनी सही करायला लावली.

पुढे धातू कडाडला आणि आम्ही तोटा सोसून माल पाठवत राहिलो. बऱ्याच विनवण्यांनंतर खरेदीदाराने किंमत थोडी वाढवून दिली. व्यापार आपले आपण निस्तरतो, कायद्याची गरज नाही, याचा पुरावा म्हणून ज्येष्ठ आजही हेच उदाहरण देतात. वाढ मिळाली ती त्या घडीला खरेदीदाराला दुसरा पुरवठादार नव्हता म्हणून, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की, एका ओळीने खोडता येणारी तरतूद आयात करून काही साधत नाही, कारण ती खोडण्याची ताकद ज्याच्याकडे असते त्याला तिची गरज सहसा नसते. सुधारणा करायचीच असेल, तर फेरवाटाघाटीला बसण्याचे बंधन तरी करारातून वगळता येऊ नये. करार बदलण्याचा न्यायालयाचा अधिकार हवा तर ऐच्छिक ठेवावा. संहितांची तुलना करणारे कलमे शेजारी शेजारी मांडतात, पण प्रत्यक्ष करारांत त्या कलमांचे काय होते, हे क्वचितच तपासतात.

तोवर आपला करार आपणच सांभाळावा. युनिड्रॉइट तत्त्वांतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारी करारांसाठीच्या नमुना नियमांतील, बदललेल्या परिस्थितीविषयीची ६.२.२ आणि ६.२.३ ही कलमे मसुद्यासाठी चांगला आधार आहेत. मात्र किती वाढ झाल्यावर बोलणी सुरू व्हायची, तो आकडा स्वतः घालावा, कारण त्यांत तो दिलेला नाही. अर्थात हे सारे दोन व्यापाऱ्यांमधील दीर्घ मुदतीच्या करारांपुरते आहे. ग्राहक, भाडेकरू किंवा कर्जदार यांच्या करारांना वेगळे नियम लागतात. आणि मी खरेदीदाराच्या बाजूने बसलो असतो, तर ती ओळ बहुधा मीही घातली असती.