दिवाळीचे देणे आणि मुलांची गरज : वाचकांचे प्रश्न

दसरा झाला की या सदराच्या टपालात एक विषय हमखास येतो. दिवाळीत गरजू मुलांसाठी काही करावे असे अनेकांना मनापासून वाटते. काय करावे, कोठे करावे आणि कसे करावे याबद्दल मात्र घोळ असतो. अशा पत्रांतील काही पत्रे निवडून, संक्षिप्त करून आणि नावे गाळून त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दर पाडव्याला घरी केलेला फराळ आणि लहान मुलांचे नवे कपडे घेऊन जवळच्या बालगृहात जातो. मुलांचे हसरे चेहरे पाहिल्याखेरीज आमची दिवाळी झाल्यासारखी वाटत नाही. यंदा आधी फोन केला, तेव्हा तेथील अधीक्षिकांनी ‘फराळ नको, जमल्यास जूनमध्ये या,’ असे सांगितले. मन खट्टू झाले. देणाऱ्याच्या भावनेला काहीच किंमत नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : किंमत आहे, म्हणूनच अधीक्षिकाबाईंनी आपल्याला खरे सांगितले. बहुतेक संस्था देणगीदार दुखावेल या धास्तीने डबे मुकाट्याने ठेवून घेतात. मी काही काळ एका बालगृहाच्या कामात होते. तेथील देणगी नोंदवहीत वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत पानेच्या पाने भरत: बुंदीचे लाडू, चिवडा, शंकरपाळे, पुन्हा लाडू, पुन्हा चिवडा. फेब्रुवारीच्या पानावर मात्र ‘गहू, एक पोते’ अशी एखादीच ओळ असे. धान्यकोठीत डब्यांची उतरंड रचलेली असे. तुळशीचे लग्न लागेपर्यंत चकल्या सादळत, करंजीच्या सारणातल्या खोबऱ्याला खवट वास सुटे, आणि ‘मुलांच्या तोंडचा घास’ म्हणून आलेले ते पदार्थ फेकून देण्याची वेळ स्वयंपाकिणीवर येई.

याचे आणखी एक कारण आहे, जे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. बालगृहातील सगळी मुले अनाथ नसतात. पुष्कळ मुलांची आई, वडील किंवा निदान आजी हयात असते; गरिबी, आजारपण, घरातले व्यसन किंवा आईला मिळालेले कामच असे की तेथे मूल ठेवता येत नाही, अशा कारणांनी ती संस्थेत आलेली असतात, आणि दिवाळीच्या सुटीत त्यांतील अनेक जण नातेवाइकांकडे जातात. आश्रमशाळा आणि वसतिगृहे तर जवळजवळ रिकामीच होतात. मागे उरतात ती ज्यांना न्यायला कोणीच येत नाही अशी थोडी मुले, आणि त्या थोड्यांसमोर एका दिवसात पाच-सहा कुटुंबे फराळाचे डबे उघडतात. प्रत्येक कुटुंबाला हसरा चेहरा हवा असतो. पाचव्या कुटुंबापर्यंत पोरांना लाडू तर नकोसा होतोच, पण हसणेही कामासारखे वाटू लागते.

जूनमध्ये मात्र वह्या, दप्तरे, बूट, रेनकोट, गणवेश असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो. जी वस्तू द्यायचे कोणाला सुचत नाही तिची चणचण तर बाराही महिने असते. आतले कपडे, मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी नॅपकिन, चष्म्याचा नंबर बदलला तर नवी काच, किडलेल्या दाताचा इलाज, दहावीच्या गणिताची शिकवणी ही त्यांतली काही उदाहरणे. चार वर्षांच्या मुलीचे झालरीचे फ्रॉक ढिगाने येतात, पण चौदा वर्षांच्या मुलाला बसेल अशी पँट कोणी आणत नाही, कारण मिसरूड फुटू लागलेल्या मुलाबद्दल आपल्याला तसा पाझर फुटत नाही. अठरा पूर्ण झाली की मुलाला बालगृह सोडावे लागते. कायद्यात त्यापुढेही अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. तरीही त्या वयात खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे भागवणे किती अवघड जाते, हे त्या मुलांनाच विचारावे.

पूर्वी गरीब विद्यार्थ्याला ‘वार लावून’ जेवू घालण्याची रीत आपल्याकडे होती. ती जातीच्या चौकटीत अडकलेली होती, हा तिचा मोठा दोष. पण तिच्यात एक शहाणपण होते. देणारे घर आपला सण पाहून देत नसे. ठरलेल्या वारी पान मांडले जाई, कारण भूक दर आठवड्याला लागते. ती जातीची चौकट मोडून कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे केले, आणि त्यातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. एवढी अपेक्षा कोणी आपल्याकडून करणार नाही. फराळाला लागणारी रक्कम महिन्यांत विभागून संस्थेकडे पोचवावी, इतकेच पुरे.

आणि पाडव्याला जाण्याची ओढ असेलच, तर संस्थेची संमती घेऊन मोकळ्या हातांनी नव्हे, पण फराळाविना जावे. माती, गोणपाट, मावळ्यांची चित्रे आणि मूठभर अळीव घेऊन सुटी लागताच जाऊन मागे राहिलेल्या मुलांबरोबर किल्ला करावा. अळीव उगवून आले की नाही हे पाहायला पुन्हा जावे लागते, आणि त्या दुसऱ्या फेरीची मुले वाट पाहतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीतर्फे दिवाळीत एका संस्थेतील मुलांना कपडे व मिठाई वाटण्याचा कार्यक्रम ठरला आहे. वार्षिक अहवालासाठी आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप गटासाठी छायाचित्रे हवीत, परंतु संस्था परवानगी देत नाही. पारदर्शकतेसाठी पुरावा नको का? (सचिव, एक गृहनिर्माण संस्था, पुणे)

उत्तर : संस्थेचे बरोबर आहे, आणि हा तिच्या मर्जीचा प्रश्नही नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. उल्लंघन झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हिशेबाला पुरावा हवा असेल तर संस्थेची पावती घ्यावी, आणि छायाचित्र हवेच असेल तर गठ्ठे बांधून टेम्पोत चढवणाऱ्या आपल्याच सभासदांचे काढावे.

कायदा बाजूला ठेवला तरी विचार करण्यासारखी गोष्ट उरतेच. आपल्या सभासदांच्या मुलांना रांगेत उभे करून, एकेकाच्या हातात पुडा देऊन, ‘काकांना थँक्यू म्हण’ असे सांगत कोणी फोटो काढले असते, तर सर्वसाधारण सभेत केवढा गदारोळ झाला असता! कपडे अधीक्षकांकडे मापानुसार सोपवावेत. कोणते कोणाला, हे त्यांना ठाऊक असते. आणि जाण्यापूर्वी संस्था याच अधिनियमाखाली नोंदणीकृत आहे की नाही, याची जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. विनानोंदणी मुले ठेवणे हा गुन्हा आहे, आणि अशा ठिकाणी दिलेली मदत, हेतू कितीही चांगला असला, तरी तो गुन्हा चालू ठेवायला हातभारच लावते.

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास आमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांची मुले दिवसभर उसाच्या फडात नाहीतर कोप्यांपाशी, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपाशी, असतात. दरवर्षी आम्ही मिठाई वाटतो, पण त्याने काही साधते असे वाटत नाही. (एक शेतकरी वाचक, वाळवा तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून बरे वाटले. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघालेली कुटुंबे गळीत हंगामभर, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, आपल्याकडे असतात. दुसरे शैक्षणिक सत्र जवळजवळ पूर्णच त्यात जाते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो; दोघेही पहाटेच्या अंधारात फडात गेले की कोपीवर राहते ती आठ-दहा वर्षांची थोरली मुलगी, तिच्या कडेवर धाकटे भावंड आणि चुलीवर दुपारच्या भाकरीची जबाबदारी. गावाकडच्या शाळेच्या पटावर तिचे नाव असते, पण ती स्वतः आपल्या बांधावर असते. अशा मुलीच्या हातावर पेढा ठेवल्याने तिची दिवाळी गोड होत असेल, नाही असे नाही. पण तिचे वर्ष वाया जायचे थांबत नाही.

आपल्या हातात असलेली सर्वांत मोठी मदत म्हणजे तिला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत पोचवणे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार वयाला अनुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा तिला हक्क आहे, आणि आधीच्या शाळेचा दाखला हाताशी नाही एवढ्या कारणावरून तो अडवता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी मूळ शाळेने द्यायच्या शिक्षण हमी पत्रकाचीही पद्धत आहे. ते जवळ असेल तर काम सोपे होते. तरीही कागद हा खरा अडसर नसतोच. अडसर असतो तो धाकट्या भावंडाचा, कोपीपासून शाळेपर्यंतच्या अंतराचा, आणि ‘नव्या शाळेत पोरं चिडवतात’ या भीतीचा. म्हणून आधी आईबापांशी आणि मुकादमाशी बोलावे, मुख्याध्यापकांना टोळी उतरल्याची खबर द्यावी, आणि सकाळी शाळेकडे जाणारे आपले वाहन कोपीवरून न्यावे. धाकट्याचे नाव अंगणवाडीत घालता आले तर थोरलीचा हात मोकळा होतो. आशाताईंना कळवले तर राहिलेल्या लसींचेही पाहिले जाते. शाळेत दुपारचा पोषण आहार मिळतो, ही गोष्टही आईबापांना सांगण्याजोगी आहे.

वस्तूच द्यायची असेल तर ऐन थंडीत पाचटाच्या कोपीत झोपणाऱ्या मुलांना घोंगडी, स्वेटर आणि पायांत चप्पल द्यावी. उसाच्या फडात अनवाणी चालणाऱ्या मुलांच्या पायांची काय दशा होते, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. एक गोष्ट जरा कठोर वाटली तरी लिहितेच: आपल्या उसाच्या तोडीवर मोळ्या बांधायला किंवा वाढे (उसाचे शेंडे) गोळा करायला लहान मूल उभे दिसले, तर त्याबद्दल बोलायचा पहिला अधिकार, आणि पहिली जबाबदारी, फडाच्या मालकाची आहे.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी दिवाळीच्या साफसफाईत निघालेली खेळणी ‘गरीब मुलांना देऊया’ म्हणते. चाके तुटलेली मोटार, अर्धे पत्ते हरवलेला खेळ असे बरेच त्यात आहे. तिचा उत्साह मोडवत नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर : उत्साह मोडू नये, निवड तिच्याकडूनच करून घ्यावी. प्रत्येक खेळण्यापाशी ‘हे तुझ्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला देशील का?’ एवढेच विचारावे. जे देणार नाही ते भंगारात जाईल, जे देईल ते पुसून, सगळे तुकडे मोजून एका पिशवीत. त्या ढिगाबाहेरचे, अजून आवडते असे एखादे खेळणे ती आपणहून घालते का, हे मात्र गप्प बसून पाहावे; घातले नाही तर रागावू नये.

प्रश्न : आम्ही दोघेच आहोत, घर मोठे आहे. बालगृहातील दोन मुलांना दिवाळीचे चार दिवस घरी आणावे असे वाटते. संस्था तयार होईल का? (एक दांपत्य, कोल्हापूर)

उत्तर : तयार होणार नाही, आणि होऊही नये. मुलांचा ताबा बाल कल्याण समितीच्या आदेशाने संस्थेकडे असतो. ओळखीपाळखीवर त्यांना घरी पाठवता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अभ्यंगस्नान, उटणे, नवे कपडे, शेजारी बसून वाढणारी काकू हे सगळे चार दिवस अनुभवून पाचव्या दिवशी पुन्हा सामूहिक खोलीतल्या खाटेवर परतलेल्या मुलाला रात्री समजावत बसावे लागते ते तेथील काळजीवाहिकेला.

आपली इच्छा चार दिवसांपुरती नसेल, तर तिच्यासाठी रीतसर वाट आहे. बाल न्याय अधिनियमात प्रतिपालकत्वाची तरतूद आहे: दत्तक न घेता, ठरावीक काळासाठी, चौकशी आणि समितीच्या आदेशानंतर मूल कुटुंबात राहते. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारणा करावी. दुसरी वाट याहून साधी आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. आपल्याच गल्लीत एखादी विधवा आई किंवा म्हातारी आजी मुलांना सांभाळत असेल, तर तिला राज्य शासनाच्या बाल संगोपन योजनेतून दर मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अनेकींना योजनेची माहितीच नसते, आणि माहिती असली तरी दाखले जमवताना रोज बुडतो म्हणून अर्ज राहून जातो. या दिवाळीत अशा एका घरासाठी तहसील, बँक आणि बाल कल्याण समिती यांच्या फेऱ्या आपण मारल्यात, तर ती मुले स्वतःच्याच घरात राहतील.

प्रश्न : मी अमेरिकेत असते. गावाकडच्या संस्थेला दिवाळीनिमित्त थेट पैसे पाठवू शकते का? आणि माझ्या भावाला तिकडे करसवलत मिळेल का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्याकडे अजून भारतीय पारपत्र असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, मग परदेशस्थ भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड असले तरी, ती परदेशी देणगी ठरते आणि परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियमाखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीतील ठरावीक खात्यात पाठवावी लागते. गावाकडच्या लहान संस्थांकडे ही नोंदणी सहसा नसते. तेव्हा आधी विचारून घ्यावे, नाहीतर अडचणीत संस्थाच येते. आपल्या भावाने स्वतःच्या पैशांतून देणगी दिली, संस्थेला देणगीवरील करसवलतीची (८०जी) मान्यता असली आणि त्याने जुनी करप्रणाली निवडली असली, तर त्याला सवलत मिळते; मात्र दोन हजारांवरची रोख रक्कम आणि वस्तुरूप देणगी यांना ती लागू नाही. देणगीचे प्रमाणपत्र संस्थेकडून मागून घ्यायला त्याला सांगावे.